लर्निंग स्टाइल आणि गणिताच्या तासाला बोलणारी-न बोलणारी मुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभा झाली की आठवडाभर मला तेच तेच मेसेज येतात. माझा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे म्हणून तो गणितात मागे आहे का, मुलगी वर्गात बोलत नाही म्हणजे तिची स्टाइल वेगळी आहे का, वगैरे. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. मी आठवी ते दहावीला गणित शिकवते, मराठी माध्यम आणि सेमी दोन्ही. काही प्रश्न पालकांचे आहेत, काही आमच्याच शिक्षक मंडळींचे. संशोधन काय म्हणतं ते तसं सांगितलंय, आणि जिथे माझं मत आहे तिथे ते माझंच मत समजा.

लर्निंग स्टाइल म्हणजे नक्की काय म्हणतात हो?

म्हणणं असं की प्रत्येक मुलाची शिकायची एक ठरलेली पद्धत असते. कोणाला बघून कळतं, कोणाला ऐकून, कोणाला वाचून-लिहून, कोणाला हाताने करून. हे जे चार प्रकार आपण सगळीकडे ऐकतो ते नील फ्लेमिंग या न्यूझीलंडच्या माणसाने १९८७ च्या सुमारास मांडलेल्या व्हार्क नावाच्या प्रश्नावलीतून आलेत. फ्लेमिंग आधी शाळा तपासनीस होते. डेव्हिड कोल्ब यांचं १९८४ चं वेगळंच मॉडेल आहे, त्यातले चार प्रकार वेगळे. आणि हे दोनच नाहीत बरं का, २००४ मध्ये इंग्लंडमध्ये कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजायला घेतलं तेव्हा अशी ७१ मॉडेल्स निघाली! म्हणजे तुमचं मूल "कुठल्या टाइपचं" हे कुठली प्रश्नावली हाताला लागली त्यावर ठरणार.

मग हे खरं आहे की खोटं? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात नाही जमणार, कारण यात दोन गोष्टी एकत्र कालवल्यात.

पहिली गोष्ट आवडीची. काही मुलांना चित्र बघायला आवडतं, काहींना बोलत बोलत गणित सोडवायला आवडतं. हे खरंच आहे, कोणी नाकारत नाही. दुसरी गोष्ट मात्र मोठा दावा आहे, की मुलाच्या आवडीच्या स्टाइलने शिकवलं तर ते जास्त शिकतं आणि दुसऱ्या पद्धतीने शिकवलं तर कमी शिकतं. हा दावा तपासायचा असेल तर बघणारी आणि ऐकणारी अशी मुलं आधी वेगळी काढायची, मग दोन्ही गटांतल्या अर्ध्या मुलांना चित्राने आणि अर्ध्यांना बोलून शिकवायचं, आणि शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्यायची. बघणारी मुलं चित्राने शिकून पुढे गेली आणि ऐकणारी मुलं बोलण्याने शिकून पुढे गेली तरच दावा खरा. सगळ्यांनाच चित्राने जास्त कळलं तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की त्या धड्याला चित्र चांगलं.

२००८ मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्योर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी नेमक्या अशा पद्धतीने केलेले अभ्यास शोधले. फारच थोडे सापडले, आणि त्यातले बरेचसे दाव्याच्या विरोधातच जात होते. नंतर २०१८ मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शरीररचना शिकणाऱ्या मुलांना व्हार्क भरायला लावून त्यांचे मार्क बघितले, तर बहुतेक मुलं आपल्या "स्टाइल"प्रमाणे अभ्यास करतच नव्हती, आणि जी करत होती त्यांना त्याने जास्त मार्क पडले नव्हते.

तरी सगळे मानतात. २०१२ च्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या ९३ टक्के आणि नेदरलँड्समधल्या ९६ टक्के शिक्षकांना लर्निंग स्टाइलची गोष्ट खरी वाटत होती. आपल्याकडे शिक्षक प्रशिक्षणाला बसा, दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडला ते डोळा-कान-हाताचं चित्र येतंच.

पण मॅडम माझ्या मुलीला चित्र काढून दाखवलं की लगेच कळतं. मग ते काय खोटं आहे?

खोटं कसं असेल, कळतच असणार. पण शेजारच्या "ऐकून शिकणाऱ्या" मुलालाही त्याच चित्राने कळलं असतं.

उदाहरण घ्या, (अ + ब) चा वर्ग. नववी-दहावीतसुद्धा दर वर्षी अर्धा वर्ग अ वर्ग अधिक ब वर्ग लिहून मोकळा होतो. सूत्र दहा वेळा म्हणून घेतलं तरी पुढच्या महिन्यात परत तेच. मग मी फळ्यावर एक चौरस काढते, बाजू अ + ब, आत एक उभी आणि एक आडवी रेघ मारते. चार तुकडे होतात, एक अ चा चौरस, एक ब चा चौरस आणि दोन आयत अ गुणिले ब चे. अ म्हणजे ३ आणि ब म्हणजे ४ घ्या. सगळा चौरस ४९, आणि दोन चौरसांची बेरीज २५ च. राहिलेले २४ कुठे गेले? असं विचारलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, "ते दोन आयत की, बारा बारा". हा आवाज कुठल्या टाइपच्या मुलाचा ते मला माहीत नाही आणि त्याने काही फरकही पडत नाही. या सूत्राचा स्वभावच असा आहे की ते क्षेत्रफळात दिसतं.

उलट वर्गमूळ दोन अपरिमेय आहे हे सिद्ध करायला चित्राचा फारसा उपयोग नाही, तिथे शब्दांनी एकेक पायरी चढावी लागते, "समजा तसं नाही" इथून सुरुवात करून विसंगतीपर्यंत. आणि भूमितीत कंपास हातात धरल्याशिवाय रचना येत नाही, कोणी कितीही छान वर्णन करून सांगो. म्हणजे चित्र की शब्द की हात हे धड्याने ठरतं, मुलाच्या जन्मकुंडलीने नाही. मला या सगळ्या विषयात एकच गोष्ट पटवून द्यायची असेल तर ती ही.

मग लर्निंग स्टाइल आणि वर्गातला सहभाग यांचा संबंध आहे की नाही?

आहे, पण जाहिरातीत सांगतात तसा नाही.

माझ्या वर्गात काही मुलं अशी आहेत की ज्यांना उत्तर तोंडातून बाहेर काढताना सुचतं. अर्धवट बोलतात, मध्येच "नाही नाही थांबा मॅडम" म्हणतात, बोलता बोलता दुरुस्त करतात. काही मुलं आधी वहीच्या मागच्या पानावर कच्चं काम करतात, तिथे तीन ओळी खोडतात आणि चौथी बरोबर आली तरी हात वर करत नाहीत. काही फक्त शेजाऱ्याला सांगतात, हळू आवाजात, आणि सांगणं बहुतेक वेळा माझ्यापेक्षा सोपं असतं. काहींना फळ्यावर बोलावलं की खुलतात, बाकावर बसून मात्र डुलक्या. ही झाली सहभागाची तऱ्हा, आणि ती मुलांमुलांत वेगळी असते हे मी रोज बघते.

आता गडबड कुठे होते, तर आम्ही शिक्षक "सहभाग" म्हणून फक्त वर झालेला हात मोजतो. त्यामुळे बोलत बोलत विचार करणारं मूल हुशार आणि ॲक्टिव्ह ठरतं आणि वहीत विचार करणारं "लक्ष नाही" ठरतं. मग त्या दुसऱ्या मुलाला उत्तर विचारणं कमी होतं, विचारणं कमी झालं की त्याचा सराव कमी होतो आणि वर्षभराने ते खरंच मागे पडतं. तेव्हा कोणीतरी येऊन सांगतं की बघा, याची लर्निंग स्टाइल वेगळी होती.

आणि ही तऱ्हा पक्की पण नसते. तेच मूल भूमितीला बोलकं असतं आणि बीजगणिताला मुकं. बाकाची जागा बदलली, शेजारी दुसरा आला, नवीन सर आले की बदलतं. म्हणून शिक्का मारायचा नाही.

शिक्का मारल्याने काय बिघडतं? निदान मुलाला समजून तरी घेतलं जातं.

मुलं शिक्का लगेच उचलतात हो. "मॅडम मी व्हिज्युअल आहे, मला सिद्धता लिहायला नाही जमत" हे वाक्य मला ऐकवलं गेलंय, अगदी निरागसपणे. पक्ष, साध्य, सिद्धता लिहायचा कंटाळा प्रत्येक पिढीला होता, पण आता त्याला कारण मिळालंय. दहावीचे भाग १ आणि भाग २ मिळून ८० मार्क लेखी आणि २० अंतर्गत, त्यात सिद्धता, रचना, शाब्दिक उदाहरणं, कृती पूर्ण करा, सगळंच येतं. बोर्ड काही टाइप बघून वेगळा पेपर देत नाही.

माझा मुलगा वर्गात एक शब्द बोलत नाही पण पेपरात चांगले मार्क पाडतो. काळजी करू का?

मार्क बरे आणि वही भरलेली असेल तर नको. फक्त एक बघा, अडलं की तो कोणाला तरी विचारतो का? मित्राला, ताईला, मला, कोणालाही. विचारत असेल तर तो त्याच्या पद्धतीने सहभागीच आहे. अडलं तरी तसंच झाकून ठेवत असेल तर आत्ताच बघायला हवं, कारण आठवीपर्यंत झाकता येतं, नववीच्या बीजगणितात नाही येत.

मुलगी सातवीपर्यंत पुढे पुढे करायची, आठवीला सेमीत टाकली आणि गणितात गप्प झाली. तिची स्टाइल बदलली का?

स्टाइल नाही हो, भाषा बदलली. हा प्रश्न मला एवढा येतो की मला वाटतं लर्निंग स्टाइलच्या नावाखाली येणाऱ्या निम्म्या तक्रारी खरं म्हणजे भाषेच्या असतात.

सेमीमध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. मुलीला काल "लघुकोन" माहीत होता, आज तोच "ॲक्यूट अँगल" झालाय. तिला उत्तर मराठीत सुचतं, मग ते मनात इंग्रजीत करायचं, मग व्याकरण चुकेल का बघायचं, तोपर्यंत दुसऱ्या कोणीतरी उत्तर दिलेलं असतं. तुम्हाला वाटतं ती लाजते, आम्हाला वाटतं तिला येत नाही, आणि ती मनातल्या मनात भाषांतर करत बसलेली असते. मी माझ्या सेमीच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगते की उत्तर कुठल्याही भाषेत द्या, अर्धं अर्धं चालेल, फळ्यावर इंग्रजी शब्द मी लिहीन. "मॅडम त्या दोन अँगलची बेरीज वनएटी येते कारण ते आंतरकोन आहेत ना" असं उत्तर आलं की मला पूर्ण मार्क द्यावेसे वाटतात. पेपरात इंग्रजी लागणारच, त्याचा सराव वेगळा करून घेता येतो. पण विचार करायची भाषा पहिल्या दिवसापासून हिसकावून घेतली तर पोर बोलणार कसं?

छोटा दुसरीत आहे. तोंडी हिशेबात अडतो, लेखी बरोबर. म्हणजे तो वाचून-लिहून शिकणारा ना?

इतक्यात ठरवू नका. दुसरी-तिसरीत मराठीत आकडे बोलणं हीच एक कसरत असते. त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतात आणि पन्नास मागून, लिहिताना मात्र ५ आधी. मूल ऐकतं त्रेपन्न आणि लिहितं ३५. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात २९. त्यात त्र्याण्णव, अठ्ठ्याहत्तर अशी जोडाक्षरं. याच कारणाने २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी नावं आणली होती, मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. काय गदारोळ झाला आठवतंय ना, विनोद, मीम, अगदी विधानसभेपर्यंत. जुनी नावंही होतीच त्यात, पण ते कोण वाचतंय. मला स्वतःला जुनी नावं आवडतात, कानाला बरी वाटतात, तरी समितीने बोट बरोबर जागी ठेवलं होतं असंच मी म्हणेन. तुमच्या मुलाला तोंडी विचारताना काही दिवस "पन्नास आणि तीन" असं फोडून विचारून बघा. अडकणं कमी झालं तर प्रश्न आकड्याच्या नावाचा होता.

शिक्षक म्हणून विचारतो. वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास. प्रत्येकाच्या स्टाइलने शिकवायचं कसं?

शिकवूच नका सर, गरजच नाही. सहावी ते आठवीला शिक्षण हक्क कायद्याने ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, प्रत्यक्षात काय असतं ते तुम्हालाही माहीत आणि मलाही. अशा वर्गात चार गट करून चार पद्धतींनी एकच धडा शिकवायला निघालो तर दिवाळीपर्यंत पहिलंच प्रकरण चालेल. त्यापेक्षा एकच उदाहरण घ्यायचं आणि त्यात शिरायची दारं जास्त ठेवायची.

सहावीच्या बदली तासाला मी एकदा ५२ वजा २७ दिलं. सोपं म्हणून मुलं हसली. मी सांगितलं, उत्तर ओरडायचं नाही, मनात करा आणि कसं केलं ते वहीत एका ओळीत लिहा. मग विचारलं. एकीने हातचा घेऊन उभं मांडलं, १२ तून ७ गेले ५, ४ तून २ गेले २. एक जण म्हणाला मी २७ चे ३० केले, तीन लागले, मग ५० पर्यंत वीस, वर दोन, झाले २५, "दुकानात सुटे देतात तसं". एकाने दोन्हीकडे तीन तीन वाढवले, ५५ वजा ३०. हा मुलगा कधीच हात वर करत नाही. आणि एकीचं आलं ३५, कारण तिने ७ तून २ वजा केले, मोठ्यातून छोटा जातो ना म्हणून. ते पण फळ्यावर लिहिलं, बाकी तीन उत्तरांच्या शेजारी, आणि विचारलं की २७ मध्ये ३५ मिळवले तर किती होतात? ६२. तिनेच सांगितलं. मग बाकीच्यांनी कुठे बिनसलं ते शोधलं. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. कोण बघून शिकलं कोण ऐकून शिकलं हा प्रश्नच आला नाही, पण बोलणारे, लिहिणारे, शॉर्टकटवाले, चुकणारे सगळे एकाच उदाहरणात होते.

दुसरं म्हणजे थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचं रेकॉर्डिंग करून बघितलं, तर शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंद थांबत होते. एक! तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब यायला लागली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. तीन सेकंद वर्गासमोर उभं राहून बघा, केवढे लांब वाटतात. मी मनात बे एके बे म्हणते, बे चोक आठपर्यंत गेलं की मगच बोट दाखवते.

आणि पाटी. प्राथमिकमधून पाटी गेली याचं मला फार वाईट वाटतं. प्रश्न विचारला, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहिलं, "दाखवा" म्हटलं की साठ पाट्या वर. पाच सेकंदांत कळतं कोणाला आलं आणि कोणाला नाही, आणि लाजणाऱ्याला बोलावंही लागत नाही. पाट्या नसतील तर पाठकोरे कागद जाड पुठ्ठ्यावर लावा, तेही जमेना तर वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात.

न बोलणाऱ्याला मुद्दाम नाव घेऊन विचारावं का? मूल घाबरतं.

कसं विचारता त्यावर आहे. खिडकीबाहेर बघतोय म्हणून पकडायला विचारलंत तर ती शिक्षा झाली. पण आधी सगळ्यांना दोन मिनिटं वहीत करू दिलं, मग शेजाऱ्याशी बोलू दिलं आणि मग नाव घेतलंत, तर त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं, निदान "आम्ही दोघांनी असं केलं" एवढं तरी. ही आधी विचार, मग जोडी, मग वर्ग अशी पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली, आपल्याकडे प्रशिक्षणात शिकवतात आणि शाळेत कोणी करत नाही. "उत्तर काय" यापेक्षा "सुरुवात कुठून केलीस" हा प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतो. सुरुवात प्रत्येकाने केलेली असते.

चुकलं की वर्ग हसतो. त्या दिवसापासून मुलगी बोलतच नाही.

हे स्टाइलचं नाही, भीतीचं आहे, आणि मनापासून सांगते, मुलं गप्प का होतात याचं मला दिसलेलं सगळ्यात मोठं कारण हेच. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासोबत गणित शिक्षणावर जो निबंध निघाला त्यात पहिल्या अडचणीतच भीती आणि अपयशाची भावना लिहिली होती. भीती वाटली की डोक्यातली आकडे धरून ठेवायची जागा भीतीच अडवते, मग येत असलेलं गणितही चुकतं, परत हसतात, परत भीती.

हसणं थांबवणं हे शिक्षकाचं काम आहे, मुलीचं नाही. तिला "धीट हो" सांगून काही होणार नाही. वर्गशिक्षकांना भेटा, हसणाऱ्यांची नावं द्यायला नको, फक्त काय झालं ते सांगा. आणि घरी तिची चूक चहाच्या वेळी पाहुण्यांना गंमत म्हणून सांगत असाल तर तेही बंद करा प्लीज.

बोटांच्या ठशांवरून लर्निंग स्टाइल सांगतात, डीएमआयटी म्हणे. करून घेऊ का?

नका करू. बोटांवरच्या रेषा बाळ पोटात असतानाच ठरतात आणि त्यावरून तुमचा मुलगा चित्राने शिकतो की ऐकून, इंजिनिअर होईल की गायक, हे सांगता येतं याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. रंगीत पाय-चार्ट असलेला जाडजूड रिपोर्ट मिळतो, वाचून सगळं पटतं पण, कारण त्यात लिहिलेलं कोणालाही लागू पडेल असंच असतं. रोजच्या राशिभविष्यासारखं. काही हजार रुपये जातात. त्या पैशात चांगली कंपास पेटी, चौकटीच्या वह्या आणि गोष्टीची पुस्तकं येतील.

शाळेत कॅम्प लागलाय म्हणजे शाळेने तपासलंय असंही समजू नका.

मग गार्डनर यांच्या आठ बुद्धिमत्ता? ते तर हार्वर्डचे आहेत.

बुद्धी एकच नसते, भाषेची, गणिताची, संगीताची अशी वेगवेगळी असते, असं हॉवर्ड गार्डनर यांचं म्हणणं. १९८३ मध्ये त्यांनी अशा सात सांगितल्या, आठवी नंतर आली. पण बुद्धिमत्ता वेगळी आणि लर्निंग स्टाइल वेगळी, दोन्हीची गल्लत करू नका, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. बाकी त्यांच्या सिद्धांतावरही वाद आहेतच.

अबॅकस लावू? यूट्यूबवर गणित दाखवू?

अबॅकसने आकडेमोडीचा वेग वाढतो, मुलाला मजा येत असेल तर लावा, पण त्याने शाब्दिक उदाहरणं यायला लागतील ही अपेक्षा ठेवू नका. व्हिडिओ बघताना हातात पेन्सिल हवी आणि मध्येमध्ये थांबवायला हवा. नुसतं बघून आपल्याला सगळं आलंय असं वाटतं, ते फसवं असतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना पोरगा मणी, काड्या घेऊन फरशीवर बसून गणित करायचा, हायस्कूलला आला आणि खाली मान. तो हाताने शिकणारा आहे म्हणून ना?

तुमच्या पोराने चांगली शाळा बघितलीय एवढं नक्की. साताऱ्याच्या कुमठे बीटमधून, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातून, ज्ञानरचनावादाचं (मूल स्वतः करून, बोलून आपलं ज्ञान तयार करतं या विचाराचं) वारं सुरू झालं आणि २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमानंतर राज्यभर वर्गांच्या फरशा रंगल्या, शंभर मण्यांच्या माळा आल्या, दशकाचे गठ्ठे आणि सुटे आले. मुलं गोलात बसून मोठ्याने बोलत गणित करायला लागली. सगळीकडे सारखं झालं नाही, काही ठिकाणी नुसती फरशीच रंगली, पण जिथे झालं तिथे झालं.

जेरोम ब्रुनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये सांगितलं की माणूस गोष्ट आधी हाताने करतो, मग चित्रात बघतो, मग चिन्हांत लिहितो. हे तीन प्रकारची मुलं नाहीत, एकाच मुलाचे तीन टप्पे आहेत आणि नवीन गोष्ट आली की प्रत्येकाला त्यातून जावं लागतं. मोठ्यांनाही. आमच्या हायस्कूलमध्ये आल्यावर पहिले दोन टप्पे आम्ही परस्पर गाळतो, थेट चिन्ह. तुमचा पोरगा हाताने शिकणारा म्हणून अडला नाही, त्याच्या हातातलं काढून घेतल्यावर मधली पायरीच दिली नाही कोणी. ऋण संख्या असेल तर संख्यारेषा काढू दे, समीकरण असेल तर तराजूचं चित्र काढू दे, महिन्याभराने तोच म्हणेल चित्र नको.

पाढे एका सुरात म्हणणं म्हणजे जुनाट पद्धत ना? ऐकून शिकणाऱ्यांनाच फायदा.

फायदा सगळ्यांना. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी, औटकीपर्यंत पाठ असायचं, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. एवढं नको आता. पण तीस मुलं एका सुरात म्हणतात तेव्हा चुकणाऱ्याची चूक कोणाला ऐकू जात नाही आणि तो दुसऱ्यांच्या आवाजावर पुढे जातो, लाजाळू मूल मोकळं होतं ते अशा वेळी. फक्त पाढ्यावर थांबू नका. सात आठे छप्पन्न म्हणून झालं की विचारा, सात नव्वे किती, पाढा न म्हणता? छप्पन्नात सात मिळवले की झालं, हे ज्याला सुचलं तो गणित करतोय.

घरी काय विचारू? "आज काय शिकवलं" म्हटलं की "काही नाही" म्हणतो.

सगळेच म्हणतात. "आज कोणी वेगळ्या पद्धतीने केलं का?" असं विचारून बघा, दुसऱ्याबद्दल सांगताना मुलं मोकळी होतात. किंवा एखादं उदाहरण तुम्हीच चुकीचं सोडवा आणि त्याला चूक शोधायला लावा. आई-बाबांची चूक शोधायला कोणाला नाही आवडत? उत्तर आलं की लगेच "बरोबर" म्हणू नका, "कशावरून?" म्हणा, पण प्रत्येक उदाहरणाला नको, नाहीतर तो पोर उद्यापासून वही घेऊन दुसऱ्या खोलीत बसेल.

शिक्षकांना भेटायला जायचंय. काय बोलू?

"माझा मुलगा अमुक टाइपचा आहे, त्याला तसं शिकवा" असं म्हणू नका, ते आम्हाला करता येत नाही आणि त्याचा उपयोगही नाही. नेमकं सांगा. त्याला आधी वहीत करायला दोन मिनिटं लागतात, मग विचारलंत तर सांगेल. तिला इंग्रजीत बोलायला भीती वाटते, मराठीत चालेल का? खिडकीजवळच्या बाकावरून फळ्यावर चमक येते, जागा बदलता का? यातली शेवटची गोष्ट तर हमखास करा, आणि डोळे तपासलेत का तेही बघा. फळ्यावरचं न दिसल्यामुळे गप्प बसणारी मुलं दर वर्षी सापडतात. जाताना ऑफ तास विचारून जा. तास चालू असताना वर्गाच्या दारात येऊन उभे राहू नका, आई-वडील दारात दिसले की ते मूल त्या दिवशी तर अजिबातच तोंड उघडत नाही.